गंधाखालचा चेहरा

कालिंदी लग्नाला येणार, हा निरोप तिच्या बहिणीच्या, सोनूबाईच्या, नवऱ्यानं दारातूनच दिला आणि चहाही न घेता तो जिना उतरून गेला. त्याच्या मुलीचं लग्न होतं, त्याला शंभर कामं. कुशाबा घाडी मात्र दारातच उभा राहिला. बायको येणार म्हणून आनंद व्हायला हवा, तो झालाच. पण आनंदाच्या पाठोपाठ त्याची मान आपोआप भिंतीकडे वळली. भिंतीवर बाबा होते. बाबांचा पायघोळ निळा अंगरखा होता, मांडीवर टेकलेले हात होते, पाठीमागं चिनाराचं झाड होतं. बाबांना तोंड तेवढं नव्हतं.

हे बाबा कोण, हे आधी सांगायला हवं.

संपाच्या आधीच्या काळात कुशाबा मिलच्या छपाईखात्यात होता. तिथल्याच नक्षीखात्यात मिर्झासाहेब म्हणून एक गृहस्थ साड्यांची नक्षी कागदावर काढत. त्यांचे पणजोबा इराणातून घोडे विकायला मुंबईत आले होते. घोडे विकले गेले, पणजोबा इथंच राहिले, असं ते हसत सांगायचे. कुशाबा रंगाचे नमुने घेऊन उठसूट त्यांच्या टेबलाशी जाई. कुशाबा कीर्तनातला टाळकरी. आदल्या संध्याकाळी बुवांनी काय निरूपण केलं, कुठला दृष्टांत दिला, कुठल्या चालीवर लोक डोलले, हे दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. मिलमधले दोस्त पळून जात. मिर्झासाहेब डबा बाजूला सारून ऐकत.

असंच एकदा त्यांनी कागदाच्या वेष्टनातून एक चित्र काढून त्याच्यापुढं ठेवलं. वहीच्या पानाहून थोडं मोठं. एक म्हातारा फकीर झाडाखाली बसलेला, पुढून ओढा वाहतोय, ओढ्याकाठी इवलीइवली फुलं, गुलाबी-जांभळे खडक आणि आभाळ चक्क सोन्याचं. वरच्या कोपऱ्यात डोंगरामागून एक बाई डोकावत होती, ओठांवर बोट ठेवून.

"कुशा, इसमें सावली शोध," मिर्झासाहेब म्हणाले.

कुशाबानं सगळी सुट्टी शोधली. झाडाखाली नाही, फकिराच्या मागं नाही, खडकाच्या बगलेत नाही.

"सावली काढायची राहिली वाटतं."

"राहिली नाही रे. सावली कब पडती है? उजेड एका बाजूनं आला की. यहाँ उजाला सब तरफ से है. ज्यानं हे काढलं तो सूरज के नीचे बैठके नहीं देख रहा था. ऊपरवाल्याला जसं दिसतं तसं बघायला गेला बिचारा."

"आमचे बुवा हेच सांगतात," कुशाबा म्हणाला. "जिकडंतिकडं तोच भरलाय म्हटल्यावर अंधार पडायला जागा कुठं."

"मग तुझ्या बुवांना माझा सलाम सांग. आणि विचार, चित्र काढता येतं का."

मिर्झासाहेब नोकरी संपवून मुलीकडे हैदराबादला निघाले, तेव्हा ते चित्र त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून कुशाबाच्या हातात ठेवलं. म्हणाले, कागद आहे, ह्याला भूक लागत नाही, ठेवून घे. परळच्या चाळीतल्या खोलीत आल्याआल्या कालिंदीनं त्याला पदरानं पुसलं, देवांच्या शेजारी खिळा ठोकायला लावला आणि विचारलं, "हे कुठले बाबा?" कुशाबाला नाव सांगता येईना. तिनं वाट बघितली नाही. सहाणेवर चंदनाचं खोड फिरवून करंगळीशेजारच्या बोटानं काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, गंध लावलं. त्या दिवसापासून ते बाबा. सकाळी ओल्या पंचानं कालचं गंध पुसायचं, आजचं लावायचं, जास्वंद मिळाली तर वाहायची. ह्यात खंड नाही.

मग संप आला. पहिलं वर्ष उद्या मिटेल, परवा मिटेल असं म्हणत गेलं. दुसऱ्या वर्षी खोलीतला एकेक जिन्नस दाराबाहेर गेला. लोखंडी कपाट विकलं त्या दिवशी चौघांनी ते उचलताना त्याचा कोपरा बाबांच्या चौकटीला लागला आणि काच खळकन फुटली. घरात पीठ नव्हतं, काच कोण आणणार? कालिंदी म्हणाली, राहू दे, बाबा मोकळे झाले. दुसऱ्या सकाळपासून गंध थेट कागदावर लागायला लागलं. पुढल्याच महिन्यात ती दोन्ही पोरांना घेऊन गावी गेली. परळच्या एस्टी डेपोत गाडीच्या खिडकीतून तिनं एवढंच सांगितलं, "मिल चालू झाली की येते. बाबांना तेवढं सांभाळा."

ते त्यानं सांभाळलं. देवा, किती सांभाळलं. मिल काही त्याच्यासाठी चालू झाली नाही. लालबागच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर दुकानांची नावं छापायचं काम तो करायला लागला. पहिले दोन गणपती गावी गेला, रिकाम्या हातानं. दुसऱ्या खेपेला पोरीनं विचारलं, बाबा, काय आणलंत? त्यानंतर त्याला गावाची वाट धरवेना. पत्रं जायची, यायची, मग तीही उरली नाहीत. मोठ्यानं बोलायला खोलीत कुणी नव्हतं, आणि हात लावावा असंही कुणी नव्हतं. सकाळी अंघोळ झाली की एक बोट त्या कपाळाला टेकायचं, दिवसभरातला तेवढाच काय तो स्पर्श. पंचाचा ओला कोपरा फिरायचा, रंग सुटायचा, आणि त्याच्या लक्षातही यायचं नाही, कारण चेहऱ्यावर कायम ताजं गंध. भुवया कधी गेल्या कळलं नाही. दाढी गेली. एका गुरुवारी बघतो तर डोळेही नव्हते. उरला नुसता पिवळट कागद, मध्ये चंदनाचा डाग.

आता ती येणार होती. सहा वर्षांनी तिचा पाय ह्या खोलीत पडणार होता आणि ह्या वेळी तिला परत जाऊ द्यायचं नाही, असं कुशाबानं मनाशी धरलं होतं. चार दिवसांनी म्हणायचं, राहा आता. पण ती पहिल्यांदा भिंतीकडे बघणार. म्हणणार, एवढं एक सांभाळायला दिलं होतं, त्याचं हे केलंत. आमचं काय करणार? बाबांचा चेहरा परत यायला हवा होता, आणि तोही लग्नाच्या आत.

दादरच्या विठ्ठलमंदिरात शनिवारी कीर्तन असे. तिथं पुढच्या रांगेत राजलक्ष्मीताई बसत, गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातल्या. लग्न केलं नव्हतं. संग्रहालयातली जुनी कागदी चित्रं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर घरीही थोडंफार काम त्या करत. कीर्तन संपल्यावर कुशाबानं टाळ पिशवीत घातले आणि भीतभीत त्यांना गाठलं.

"घेऊन या," त्या म्हणाल्या. "मात्र वर्तमानपत्रात गुंडाळू नका. धुतलेलं धोतर असेल तर त्यात गुंडाळा."

गिरगावातल्या त्यांच्या माडीवर खिडकीशी लांबलचक टेबल होतं. राजलक्ष्मीताईंनी धोतर उलगडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. कुशाबा टेकवल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसून होता.

"ह्याला मारलं कुणी?"

"गंध लावत होतो, ताई."

"रोज?"

"रोज."

"आणि पुसत होता."

"पुसल्याबिगर नवीन कसं लावणार?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. रागावणार असं वाटलं, पण त्यांच्या गालाला खळी पडली. "आमच्याकडे वाळवीनं खाल्लेली चित्रं येतात, पाण्यानं गेलेली येतात. भक्तीनं गेलेलं हे पहिलंच. फार मोलाचं आहे अशातलं नाही, घाबरू नका. इराणातल्या शिराझच्या बाजारातल्या कुणा साध्या चित्रकारानं काढलेलं असणार. पण हात बघा त्याचा. ही गवताची पाती बघा. एका केसाच्या कुंचल्यानं काढल्यासारखी."

"चेहरा होईल ना पहिल्यासारखा?"

"नाही."

कुशाबाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

"रंगाचे पापुद्रे सुटतायत ते मी बसवून देईन," त्या म्हणाल्या. "ओढा, झाड, अंगरखा, सगळं धरून ठेवीन. पण जे गेलं ते मी माझ्या मनानं काढत नाही. तो माझा धर्म नाही. आणि काढायचं म्हटलं तरी कसा होता तो चेहरा? सांगा बघू."

कुशाबानं डोळे मिटले. गोल होता. नाही, लांबट. दाढी पांढरी. डोळे... डोळ्यांशी येऊन तो थांबला. इतकी वर्षं समोर बसलेला माणूस आणि त्याचे डोळे आठवेनात. त्याला एकदम भीती वाटली. त्यानं मनातल्या मनात कालिंदीचा चेहरा आठवून बघितला. तिची मान आठवली, कपाळावरचं गोंदण आठवलं, बाकीचं धूसर. त्यानं पटकन डोळे उघडले.

"नाही ना येत?" राजलक्ष्मीताईंचा आवाज मऊ झाला. "तुमची चूक नाही. ह्या चित्रांत सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात. राजा बघा, भिकारी बघा, तरुण मुलगी बघा, सगळ्यांचा तोच पुनवेचा चंद्र. अमक्यातमक्याचं तोंड काढायचंच नसे त्यांना. त्यांना ज्याचं तोंड बघायचं होतं ते एकाचंच. काही पोथ्यांत तर फार थोर माणूस आला की त्याच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा पडदाच काढत, आणि डोक्याभोवती ज्वाळा. म्हणत, इथं आमचा कुंचला थांबला."

"म्हणजे आमचे बाबा निर्गुण झाले म्हणायचे," कुशाबा पडेल चेहऱ्यानं म्हणाला.

"फार सोयीचं निर्गुण आहे हो तुमचं. पंचानं घासून आणलेलं."

त्यालाही हसू आलं. मग राजलक्ष्मीताईंनी चित्र त्याच्याकडे फिरवलं आणि कुंचल्याच्या मागच्या टोकानं वरचा कोपरा दाखवला. "ही डोंगरामागची बाई बघितलीत कधी नीट? हा डोंगर लांब आहे. मग ही लहान दिसायला हवी की नको? पण ही बाबांएवढीच मोठी आहे. पानावर वर ढकललीय, एवढंच. एका जागी उभं राहून बघणाऱ्याला लांबचं लहान दिसतं. जो सगळीकडून बघतो त्याला लांब काय आणि जवळ काय. त्यांना ते तसं बघायचं होतं. जमलं किती, ते त्यांना माहीत."

कुशाबा बघत राहिला. डेपोतून निघालेली ती गाडी त्याच्या डोळ्यांपुढं आली. वळणाशी ती काडेपेटीएवढी झाली होती आणि खिडकीतला हात तर दिसेनासाच झाला होता. त्या दिवसापासून त्यानं कालिंदीला मनात तेवढंच ठेवलं होतं, काडेपेटीएवढं. तो म्हणाला, "ताई, पण बायको येणार आहे हो."

"मग येऊ दे की. आणि एक सांगते, ह्यापुढं काच लावायची. गंध काचेवर. नाहीतर पुढच्या वर्षी अंगरखाही निर्गुण होईल."

आठवड्यानं चित्र मिळालं. ओढ्याचं पाणी पुन्हा रुपेरी दिसत होतं, झाडाची पानं मोजून घ्यावीत अशी. त्यामुळं चेहऱ्याची रिकामी जागा आणखीच डोळ्यांत भरत होती. राजलक्ष्मीताईंनी मेहनतीचं काही घेतलं नाही, शनिवारी पुढच्या रांगेत माझ्यासाठी जागा धरा म्हणाल्या.

कुशाबा चित्र घेऊन घरी गेला नाही. तो लालबागला कोंडीरामकडे गेला.

कोंडीराम साताऱ्याकडचा. गणपतीचे देखावे रंगवायचा, नाटकांचे पडदे रंगवायचा, वाढदिवसाच्या फलकांवर पुढाऱ्यांना गोरं करायचा. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक अर्धा रंगवलेला कृष्ण भिंतीला टेकून उभा होता.

"तोंडच काढायचंय ना? मग एवढा काय रडतोस, कुशादा," कोंडीराम म्हणाला. "चहा पिईपर्यंत देतो. सांग, कुणासारखा पायजे?"

"कुणासारखा म्हणजे?"

"म्हणजे पिक्चरमधल्या साधूसारखा, की तुमच्या बुवासारखा? का तुझंच काढू? तुला पण दाढी शोभेल."

"कुणासारखाच नको."

"बरं झालं, म्हणजे बिघडलं तरी कुणी ओळखायचं नाही." कोंडीराम खदखदून हसला. "थांब, आधी कच्च्या कागदावर दावतो. मूळ मालाला एकदम हात लावत नाय मी."

त्यानं खरंच चहा निवायच्या आत एक म्हातारा उभा केला. हात होता त्याच्याकडे. नाक उठून आलं, कपाळावर आठ्या आल्या, डोळ्यांत पाणी असल्यासारखी चमक आली. एक गाल उजळ आणि दुसरा काळपट.

"हे काळं काय?" कुशाबानं विचारलं.

"सावली नको? उजेड डावीकडनं आलाय. सावलीबिगर माणूस चपटा दिसतो, पोळीसारखा."

"डावीकडनं कशानं आला उजेड?"

"अरे, कुठनं तरी येणारच ना. खिडकी धर, सूर्य धर. तुला कुठनं पायजे, सांग, तिकडनं आणतो."

कुशाबानं तो कागद चित्राच्या शेजारी धरला. ह्या म्हाताऱ्याला जिवंत माणसासारखं तोंड होतं, त्याची जात सांगता आली असती, गाव सांगता आलं असतं. पण त्याच्या एका गालावर रात्र होती. सगळीकडून उजेड असलेल्या त्या ओढ्याकाठी हा एकटाच खिडकीशी बसल्यासारखा दिसला असता. कालिंदी येईपर्यंत दोन दिवस उरले होते. हो म्हणायचं कुशाबाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"राहू दे," तो म्हणाला.

"आवडला नाय?"

"चांगलाय रे. पण हा बाबांच्या घरचा नाही."

कोंडीरामनं कुंचला डब्यात टाकला. "टाळकऱ्यांचं काय खरं नाय. ठेव इथंच तो कागद, गणपतीत म्हातारा वाल्मिकी म्हणून लावू कुठंतरी."

काच मात्र कुशाबानं बसवून घेतली.

कालिंदी आली ती एक पिशवी, एक फणस आणि कोकमांची पुरचुंडी घेऊन. केस बरेच पिकले होते. चेहरा उन्हानं रापला होता, आणि कुशाबाला जो आठवत नव्हता त्याच्याशी तो ताडून बघता येईना. दारात पाय धुऊन ती आत आली, खोलीभर नजर फिरवली, म्हणाली, "झाडूतरी चांगला घ्यायचा." एवढंच. भिंतीवरून तिची नजर गेली, थांबली नाही.

दुसऱ्या सकाळी अंघोळ करून तिनं सहाण घेतली. कुशाबा खाटेवर बसून बघत होता. तिनं पंचानं काच पुसली, बोटावर गंध घेतलं आणि बरोबर जागेवर टेकवलं. हात जोडले. मग चुलीकडे वळली. कुशाबाला कळेना, हसावं की घाबरावं.

लग्नाची गडबड झाली. वऱ्हाडात ती सगळ्यांशी बोलत होती, त्याच्याशी वाढप्यासारखं, लागेल तेवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघंच खोलीत असताना त्याला राहवलं नाही.

"तुला काही दिसलं नाही?"

"कशात?"

"बाबांना तोंड नाही."

कालिंदीनं फणसाचे गरे सोलता सोलता मान वर केली. "नाही होय?"

"तू रोज गंध लावतेस. बघतेस कुठं?"

"पायांकडे. माझी आवस लहानपणी सांगायची, देवाच्या पायांकडे बघावं. तोंडाकडे बघितलं की मागायला सुचतं." ती पुन्हा गऱ्यांकडे वळली. "मी कधी बघितलंच नाही ते तोंड. होतं का पूर्वी?"

कुशाबाच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि उतरताना कुठंतरी लागलंही. एवढे दिवस तो जे घेऊन गिरगाव-लालबाग फिरला ते हिच्या गावीच नव्हतं. त्यानं सगळं सांगून टाकलं. गंध, पंचा, राजलक्ष्मीताई, कोंडीरामचा खिडकीतला म्हातारा. ऐकताना ती दोनदा हसली. मग हात पुसून उठली आणि पहिल्यांदाच चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"आणि ही कोण?"

"ती डोंगरामागची. ताई म्हणाल्या, लांब आहे पण लहान नाही काढलेली. ज्याला सगळीकडून दिसतं त्याला लांबचं..."

"ही मी," कालिंदी म्हणाली.

त्यानं चित्राकडे बघितलं.

"हिचं तोंड बघा कसं शाबूत आहे. डोळे, भिवया, सगळं जागच्या जागी. हिला कुणी कधी गंध लावलं नाही ना, म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती बोलत होती. "बाबांना रोज लावलंत. एक दिवस चुकला नाही, हे मला लोकांकडून कळायचं. कुशादा फार देवभोळा, कुशादा टाळ फार छान वाजवतो. मी आपली डोंगरामागं उभी. तोंडावर बोट ठेवून."

"कालिंदी, मी काय घेऊन येणार होतो? मिल..."

"मिल मिल करू नका. मी काय मिलशी लग्न लावलं होतं? पोरीनं काय आणलं विचारलं म्हणून चार वर्षं आला नाहीत. पोर होती ती, नऊ वर्षांची. तिनं त्यानंतर कुणालाच काही विचारलं नाही, हे माहीत आहे तुम्हाला?"

हे त्याला माहीत नव्हतं. खाली चाळीच्या नळावर कुणीतरी हंडा घासत होतं.

"मी तुला म्हणणार होतो," तो शेवटी म्हणाला, "की आता राहा."

"कुठं राहा? पोरं तिथं, म्हस तिथं, मिरगाच्या आधी गोठा शाकारायचाय. इथं राहून काय करू, बाबांना दोघांनी मिळून घासू?"

ती पुन्हा खाली बसली आणि गरे सोलायला लागली. थोड्या वेळानं एक गरा तिनं त्याच्यापुढं केला, आणि तो त्यानं खाल्ला. संध्याकाळी तिला कीर्तनाला न्यायचं त्यानं ठरवलं होतं, तेही राहून गेलं. आज शनिवार, पुढच्या रांगेत ताईंसाठी जागा कुणी धरली असेल, हा विचार मनात आला आणि त्यानं तो झटकून टाकला. बुवा एकदा म्हणाले होते, रूप ही पायरी आहे, पायरीवर कुणी संसार मांडत नाही. तेव्हा टाळ वाजवताना त्याची मान मोठी डोलली होती. आज त्याच्या ध्यानात आलं की आपण सहा वर्षं पायरीवरच बसून होतो, आणि वर चढायचं सोडाच, मागं कोण उभं आहे हेही बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो तिला डेपोवर सोडायला गेला. गाडी लागली होती. पिशवी वर ठेवायला म्हणून तो आत चढला. पिशवी बसेना, कुणाची तरी वळकटी सरकवावी लागली. तेवढ्यात घंटी वाजली.

"उतरा, सुटली," कालिंदी म्हणाली.

"पुढं दादरला उतरतो."

दादर आलं, गेलं. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, तो टेकला. कंडक्टर आला तेव्हा त्यानं सांगितलं, "ह्यांचं तिकीट आहे. मला पनवेल द्या."

"पनवेलला काय?" कालिंदीनं खिडकीबाहेर बघत विचारलं.

"काही नाही. तिथून परतीची गाडी मिळते."

खाडीचा पूल आला, वारा आत घुसला, तिच्या डोक्यावरचा पदर उडाला आणि तिनं तो दातात धरला. कुशाबानं तिच्याकडे बघितलं. चोरून नाही, सरळ. डाव्या भुवईत एक बारीक खूण होती, कसली ते त्याला ठाऊक नव्हतं. हनुवटीवर एक पांढरा केस होता. डोळ्यांच्या कडेला उन्हात काम करणाऱ्या बाईच्या बारीक रेघा. कुणासारखीच नव्हती ती. हे सगळं एकदा नीट बघून ठेवावं म्हणून तो बघत राहिला.

"काय बघताय?"

"तोंड," तो म्हणाला.

"मागू नका काही," ती म्हणाली, आणि तोंड पुन्हा खिडकीकडे फिरवलं. पण पुरतं नाही.

पनवेलला गाडी बराच वेळ थांबली. लोक उतरले, चहा पिऊन आले. कुशाबाच्या खिशात खोलीची किल्ली होती, अंगात रोजचाच सदरा होता, गाळ्याच्या मालकाला काही सांगितलेलं नव्हतं. गावी गेल्यावर पोरगी दारात उभी राहील आणि काहीच विचारणार नाही, ह्याची त्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटत होती. तो एकदा उठला. पुढं जाऊन पाण्याची बाटली भरून आणली, कालिंदीला दिली आणि पुन्हा बसला.

गाडी सुटली. शेवटची दुकानं मागं पडली, दोन्हीकडून भाताची रिकामी खाचरं लागली. कंडक्टर पैशांची पिशवी सावरत मागून पुढं येत होता. त्याला आठवलं असावं, तो कुशाबापाशी थांबला.

"काका, पनवेल गेलं."

"होय," कुशाबा म्हणाला. "पुढचं द्या."